आधी तयारी, मग समाज: ही अट कोणी घातली?

पालकसभांमध्ये, नातेवाइकांच्या बैठकीत आणि हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाला आधी वागायला-बोलायला शिकवा, त्याची नीट तयारी करून घ्या आणि मगच त्याला चारचौघांत आणा. तयारी नसताना आणलं तर त्याची फजिती होते, घरच्यांना मान खाली घालावी लागते आणि लोकांचं मत कायमचं वाईट होतं. हे सांगणारे बहुतेक जण मनाने चांगले असतात. त्यांत आईवडील असतात, अनुभवी शिक्षक असतात, डॉक्टरही असतात. त्यांच्या बोलण्यात खरी काळजी असते, म्हणून समोरचा गप्प बसतो. मला गप्प बसायचं नाही, कारण या काळजीची किंमत ज्याला मोजावी लागते तो त्या बैठकीत नसतोच.

मी विशेष शिक्षिका आहे आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. सामाजिक कौशल्यं माणसांत वावरून येतात. ती अंगी बाणेपर्यंत एखाद्याला दाराबाहेर थांबवायचं ठरवलं, तर तो जन्मभर दाराबाहेरच राहतो. आणि तसे राहिलेले लोक आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक वॉर्डात आहेत. 2011 च्या जनगणनेने देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या, त्यांतल्या 29 लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या. तुमच्या गल्लीतल्या किती जणांना तुम्ही नावाने ओळखता, एवढं वाचकांनी मनाशी मोजून पाहावं.

ही अट आपल्या व्यवस्थेत किती खोल मुरली आहे ते आधी पाहू. विशेष शाळांमध्ये मुलांचं मूल्यमापन ठरावीक तक्त्यांवर होतं. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएस या तक्त्यात 18 विभाग आणि प्रत्येकात 20, अशा 360 बाबी आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेल्या एफएसीपी तक्त्यात पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, व्यवसायपूर्व असे गट आहेत आणि एका गटातल्या 80 टक्के बाबी जमल्या की मूल पुढच्या गटात जातं. उद्या काय शिकवायचं हे ठरवायला असे तक्ते उपयोगी पडतात, मीही ते वापरते. पण हळूहळू तक्त्याचा उंबरठा होतो. अजून रांगेत थांबणं जमत नाही, म्हणून सहलीला नको. अजून जेवताना सांडतो, म्हणून लग्नाला नको. मग अठरा वर्षं पूर्ण होतात, शाळा संपते. नशीब असेल तर कर्मशाळेत जागा मिळते, नाहीतर घराच्या चार भिंती आणि टीव्ही. कर्मशाळेतही तीच भाषा असते: इथे हात बसला की बाहेर कामाला पाठवू. पणत्या रंगवता रंगवता, कागदी पिशव्या चिकटवता चिकटवता तिशी उलटते, चाळिशी उलटते, पाठवणं काही होत नाही. मी असेही स्टॉल पाहिले आहेत, जिथे दिवाळीच्या आधी पणत्या मांडलेल्या असतात, गिऱ्हाइकांशी शिक्षक आणि पालक बोलत असतात आणि ज्याने त्या रंगवल्या तो मागच्या खोलीत पुढच्या पणत्या पुसत असतो. वर्षातून एकदा अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची वेळ येते, तीही त्याच्या हातून काढून घेतली जाते. आणि मार्चच्या अहवालात त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं, ‘संवादकौशल्य कमी’.

अमेरिकेतले अभ्यासक स्टीव्हन टेलर यांनी 1988 मध्ये नेमक्या याच रचनेवर टीका केली. अधिक बंदिस्त जागेतून कमी बंदिस्त जागेकडे पायरीपायरीने न्यायचं, ही कल्पना ऐकायला शहाणपणाची वाटते. पण टेलर यांनी दाखवून दिलं की बंदिस्त जागा माणसाला मोकळ्या जागेसाठी तयार करतच नाही. ती त्याला बंदिस्त जागेतच राहायला शिकवते. शिवाय या पायऱ्यांमुळे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: एखाद्याला किती मदत लागते आणि त्याने कुठे राहायचं. ज्याला जास्त मदत लागते त्याने समाजापासून जास्त लांब राहावं, हा नियम आला कुठून? जास्त मदत तो जिथे आहे तिथे, त्याच्या गल्लीत, त्याच्या बाजारात का पोचू नये? या प्रश्नाला तयारीवाल्यांनी आजवर उत्तर दिलेलं नाही.

आता शिकण्याबद्दल बोलू, कारण हा पक्ष स्वतःला शास्त्रशुद्ध म्हणवतो. वर्गात मांडलेलं लुटुपुटूचं दुकान अनेक शाळांमध्ये असतं. प्लास्टिकचं केळं, पुठ्ठ्याची नोट, दुकानदार झालेल्या बाई. मुलगा ‘एक किलो साखर द्या’ म्हणायला शिकतो, टाळ्या पडतात. मग तो खऱ्या किराणा दुकानात जातो. तिथे काउंटरवर चार जण एकदम बोलत असतात, दुकानदार त्याच्याकडे न बघता विचारतो, ‘सुट्टे आहेत का?’, मागून कोणीतरी हात पुढे करून आपला दुधाचा पुडा आधी घेतं, कोपऱ्यातलं यंत्र ‘पैसे जमा झाले’ असं बोलतं. यातलं काहीच वर्गात नव्हतं. मुलगा गांगरतो आणि शाळा म्हणते, पाहा, अजून तयारी नाही. खरं तर शिकवलेलं सगळं तो नीट शिकलेला असतो. शिकवलं दुसऱ्याच दुकानाबद्दल गेलं होतं.

एका जागी शिकलेलं कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे वर्तनशास्त्राला जवळपास अर्ध्या शतकापासून ठाऊक आहे. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांचा 1977 चा लेख या क्षेत्रात आजही शिकवला जातो. बहुतेक ठिकाणी लोक शिकवतात आणि ते पुढे आपोआप पसरेल अशी आशा धरून बसतात, असं त्यांनी नोंदवलं आणि खऱ्या जागा, खरी माणसं, वेगवेगळे प्रसंग शिकवण्यातच आणायला हवेत असं सुचवलं. त्याच्या आदल्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या लू ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला आज काय शिकवायचं हे तो मोठेपणी ज्या जागांवर वावरणार आहे तिथून उलट मोजत ठरवा. मार्क गोल्ड यांनी तर त्याहूनही आधी, ज्यांच्याकडून काही होणार नाही असं ठरवून टाकलेलं होतं अशा प्रौढांना सायकलच्या ब्रेकचे 15 भाग जोडायला शिकवून दाखवलं. एखादा शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हा त्यांचा आग्रह होता. गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत आधी नोकरी आणि मग नोकरीच्या जागीच मदत, ही पद्धत 1990 च्या दशकापासून काटेकोरपणे तपासली गेली आणि आधी प्रशिक्षण देत बसण्यापेक्षा ती सरस ठरत गेली. इटलीने 1977 मध्येच कायदा करून दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळांच्या वर्गांत आणलं. शास्त्राचं नाव घेऊन थांबायला सांगणाऱ्यांनी हे शास्त्र वाचावं.

पण मला जे सांगायचं आहे ते पुस्तकांपेक्षा एका पंगतीत जास्त चांगलं दिसलं.

आमच्या भागातल्या एका गावात हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग महाप्रसाद. शाळेच्या पटांगणात पंगती बसतात, वाढायला गावातली पोरं असतात. तिथे डाउन सिंड्रोम असलेला एक विशीतला तरुण आहे. त्याच्या चुलत्यांनी कुणाला न विचारता त्याच्या हातात बुंदीची परात दिली आणि म्हणाले, ‘सरळ जायचं, कुणाला सोडायचं नाही.’ तो निघाला. प्रत्येक पत्रावळीवर भली मोठी मूठ. पाचसहा पानं झाली आणि एका आजींनी पानावर हात आडवा धरला. त्याने बुंदी हातावरच टाकली. आजूबाजूचे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. हात झटकून म्हणाल्या, ‘हात असा आडवा आला की पुढं जायचं, बाबा.’ तो पुढे गेला. दुसऱ्या पंगतीत हात आडवा दिसला की तो थांबत होता. मग एक पाहुणे आले, ते तोंडाने ‘नको, नको’ म्हणत होते आणि पान मोकळं होतं. तो थांबला. चुलते मागून म्हणाले, ‘अरे, पाहुण्यांना आग्रह करायचा असतो, घाल थोडी.’ त्याने थोडी घातली, पाहुण्यांनी खाल्ली. तिसऱ्या पंगतीत तो पानाकडे बघून मग चेहऱ्याकडे बघत होता.

तासाभरात तो जे शिकला त्याची यादी मी करू शकते. समोरच्याचा हात वाचणं. तोंडातला नकार आणि मनातला होकार यांतला फरक. पाहुणा आणि घरचा यांना वेगळं वागवणं. चूक झाल्यावर पळून न जाता पुढच्या पानाकडे जाणं. यातली एकेक गोष्ट घेऊन मी वर्गात महिनोन्‌महिने चित्रकार्डं दाखवली असती तरी हे झालं नसतं, कारण वर्गात बुंदी कोणालाच नको नसते. नकार खरा असावा लागतो. आणि याहून मोठी गोष्ट नंतर घडली. एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत लोक त्याला थांबवून विचारू लागले, ‘यंदा बुंदी तूच वाढणार ना?’ त्याच्याशी बोलायला लोकांकडे विषय आला आणि त्याच्याकडे उत्तर आलं. जो माणूस कुठे जातच नाही त्याला कोणी विचारायचं काय आणि त्याने सांगायचं काय? संभाषणाचं कौशल्य हवं तर आधी आयुष्यात सांगण्यासारखं काहीतरी घडावं लागतं.

त्या प्रसंगात शिकला तो एकटाच नव्हता, आजीही शिकल्या. खूण कळली नाही तर शब्दांत सांगायचं असतं, हे त्यांना तिथेच सुचलं. सामाजिक कौशल्य दोन माणसांच्या मधे असतं. सगळी कमतरता एकाच्या खात्यावर टाकणं हा हिशेबच खोटा आहे. ब्रिटनमधले डॅमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये हीच गोष्ट नीट मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? बँकेच्या खिडकीशी उभी असलेली चाळीस वर्षांची बाई पासबुक पुढे करते आणि आतला कर्मचारी तिच्या डोक्यावरून तिच्या भावाला विचारतो, ‘यांना काय हवंय?’ यात कौशल्य कोणाचं कमी पडलं? डॉक्टर पेशंटला सोडून आईशी बोलतात, कंडक्टर तिकिटाबद्दल शेजारच्याला विचारतो, ओळखीची माणसं चाळिशीच्या गृहस्थाच्या गालाला हात लावून ‘काय रे बाळा’ म्हणतात. यांच्यासाठी कुठला तक्ता आहे? ते किती टक्के पास झाल्यावर आपण त्यांना समाजात सोडतो?

मे 2022 मध्ये रांची विमानतळावर एका खासगी विमान कंपनीने एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. कारण सांगितलं गेलं की तो घाबरलेला आहे. सहप्रवासी मदतीला पुढे आले होते, त्यांत डॉक्टरही होते, तरी ऐकलं गेलं नाही. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 5 लाख रुपये दंड केला आणि नियम बदलले. आधी शांत हो, मग चढू देऊ: रांचीतला हा हुकूम आणि आपल्या घरातलं ‘आधी तयारी’ यांत मला तरी अंतर दिसत नाही. त्या विमानात रडणारी तान्ही बाळं असतील, दरवाजा उघडण्याआधीच उठून उभे राहणारे असतील. त्यांच्या तयारीचा दाखला कोणी मागितला नाही.

कायद्याने हा दाखला मागायचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार 2006 चा, भारताने तो 2007 मध्ये मान्य केला. त्याचं 19 वं कलम सांगतं की सर्व दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने समाजात राहण्याचा हक्क आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं पाचवं कलम तेच म्हणतं आणि त्यासाठी लागणारी मदत, अगदी वैयक्तिक सहायकापर्यंतची, मिळावी यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. या कलमांत कुठेही ‘पुरेशी कौशल्यं आल्यावर’ असे शब्द नाहीत. कायद्याने न घातलेली अट शाळा घालते, सोसायटी घालते, कधी घरही घालतं.

इथे मला दुसऱ्या बाजूने येणारी एक गफलतही खोडायची आहे, कारण तीही तितकंच नुकसान करते. ‘आम्ही समाजाला जोडतोच की,’ असं सांगणाऱ्या संस्था आणि मंडळं कमी नाहीत. विचारलं तर कळतं की कोणीतरी आपल्या मुलाचा वाढदिवस विशेष शाळेत साजरा करतं. केक कापला जातो, बिस्किटांचे पुडे आणि केळी वाटली जातात, फोटो निघतात, अर्ध्या तासात गाड्या परत. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाची फेरी निघते, डोक्यावर टोप्या, हातात फलक, चौकापर्यंत जाऊन परत. वर्षातून एक सहल, ज्यात सगळी मुलं एकाच रंगाचे शर्ट घालून रांगेने फिरतात आणि बागेतले लोक बाजूला होतात. अशा भेटींतून मुलांना चार घटका आनंद मिळतो, तो मी हिरावून घेणार नाही. पण याला सहभाग म्हणू नका. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच लिहून ठेवलं आहे की दोन गटांनी नुसतं समोरासमोर येऊन पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवं, एकमेकांवाचून ते अडायला हवं आणि मोठ्यांचा, अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. देणारा आणि घेणारा यांच्यात बरोबरी नसते. केळं घेणाऱ्या मुलाला ‘थँक यू’ म्हणायला शिकवलं जातं आणि तेवढंच त्याचं सामाजिक शिक्षण. पंगतीतल्या त्या तरुणाकडे परात होती, लोक त्याची वाट पाहत होते. फरक इथे आहे. तीच जागा, तीच माणसं, पुन्हा पुन्हा, आणि हातात असं काम की तो आला नाही तर अडेल: एवढं असेल तरच सहभाग.

असं काम आपल्याकडे भरपूर आहे. दूध डेअरीवर सकाळी किटल्यांची रांग लावणं, वाचनालयात परत आलेली पुस्तकं आकड्याप्रमाणे लावणं, भजनात टाळ धरणं, गणेश मंडळाच्या आरतीची तयारी, बचत गटाच्या बैठकीआधी सतरंजी आणि हजेरीची वही. मुंबईत जुहूला कॅफे अर्पणमध्ये ऑटिझम आणि डाउन सिंड्रोम असलेली प्रौढ माणसं गिऱ्हाइकांना चहा-नाश्ता देतात, ऑर्डर घेतात. तिथल्या गिऱ्हाइकालाही थोडं थांबायला, स्पष्ट बोलायला शिकावं लागतं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप चेष्टेचा आणि त्रासाचा. चेष्टा होते, मी नाकारत नाही. मुद्दाम खोड्या काढणारे, पैसे उकळणारे, त्याहून वाईट करणारेही भेटतात. 2016 च्या कायद्याच्या 92 व्या कलमाने दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं किंवा तिला धमकावणं हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला आहे आणि पोलीस ठाण्यात त्याचा उल्लेख करायला पालकांनी शिकलं पाहिजे. पण घरात ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हे गृहीतक मला मान्य नाही. ज्याला बाहेर कोणी ओळखत नाही त्याच्यावर घरात किंवा संस्थेत अत्याचार झाला तर तो कळणार कोणाला? डेअरीवर रोज दिसणारा माणूस चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारतं. दंडावर वळ दिसला तर कोणीतरी विचारतं. नाही म्हणायला आणि कोणाकडे जाऊन सांगायचं हे ओळखायला माणसं माहीत असावी लागतात.

दुसरा आक्षेप ऑटिझम असलेल्यांच्या वतीने येतो: ढोल-ताशांच्या गदारोळात त्यांना कशाला ओढायचं? ओढायचं नाहीच. गर्दी म्हणजे समाज नव्हे. ज्याला आवाज सोसत नाही त्याच्यासाठी मंडळात वर्गणीच्या पावत्या क्रमाने लावण्याचं शांत काम असतं, दुपारचं रिकामं वाचनालय असतं, एकाच शेजाऱ्याबरोबर संध्याकाळी चालणं असतं. डोळ्यांत बघायला लावणं, मिठी मारायला लावणं, हात हलवण्याची सवय दाबून टाकणं, याला मी सामाजिक कौशल्य म्हणत नाही. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं आणि कधी उठून निघायचं हे त्याने ठरवावं. ‘मला आता जायचंय’ हे सांगता येणं, आणि ते ऐकलं जाणं, हे फार मोठं कौशल्य आहे.

‘पण ज्याला बोलताच येत नाही, ज्याला सगळं दुसऱ्याने करावं लागतं, त्याचं काय?’ हा तिसरा आक्षेप. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांचं बोलणं अनोळखी माणसाला सहज कळत नाही. एका बोटाने टाइप करून त्यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं, ते 2010 मध्ये आलं. त्यांच्या आईने, मिठू अलूर यांनी, 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. पण मालिनी तिथेच थांबल्या नाहीत, त्या मुंबईतल्या सेंट झेवियर्समध्ये इतर विद्यार्थ्यांसोबत शिकल्या. त्यांची बुद्धी शाबूत होती, असं कोणी म्हणेल. मग गृहीत धरा की एखाद्याला शब्द कळतच नाहीत. तरी आवाज ओळखीचे होतात, वास ओळखीचे होतात, रोज संध्याकाळी पारावर ‘आलास का’ म्हणणारा माणूस ओळखीचा होतो आणि त्याला बघून चेहरा फुलतो. चेहरा फुलणं हेसुद्धा समाजाशी बोलणंच आहे. कौशल्यं येणार नसतील तर समाजही नको, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्या, विसराळू झालेल्या आजोबांना पारावरून उठवून दाखवावं.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो आणि त्यावर थांबायला हवं. ‘बाहेर न्यायचं म्हणजे न्यायचं कोणी?’ उत्तर नेहमी एकच असतं: आईने. सकाळी त्याचं आवरून, त्याला शाळेत सोडून, घरचं करून, परत आणून, पुन्हा संध्याकाळी त्याला डेअरीवर न्यायचं, लोकांच्या नजरा झेलायच्या, तो रस्त्यात बसला तर उठवायचं. नोकरी तिने कधीच सोडलेली असते. अशा बाईला ‘त्याला समाजात मिसळू द्या’ असा सल्ला देऊन निघून जाणारे तज्ज्ञ मी पाहिले आहेत आणि त्या सल्ल्याचा तिला संताप यावा हे बरोबरच आहे. तयारीची अट जी आई धरून बसते, ती अनेकदा थकव्यामुळे धरते. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सगळा भार तिच्या डोक्यावर ठेवून समावेशनावर भाषणं देणाऱ्या व्यवस्थेशी.

व्यवस्थेकडे पैसा नाही असंही नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. राज्याने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. पण 5 टक्के निधी बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेरीला थोडी रोख रक्कम किंवा एखादी वस्तू वाटून संपवला जातो, आणि सवलतीचं तिकीट घेऊन जायचं कुठे हे ठरलेलं नसतं. त्या निधीतून गावातल्याच एका तरुणाला किंवा बाईला सोबती म्हणून मानधन का देऊ नये? दिवसातून दोन तास. पहिल्या महिन्यात सोबत्याने बरोबर चालायचं, दुसऱ्या महिन्यात दहा पावलं मागे राहायचं, नंतर डेअरीवाल्याला सांगून ठेवायचं आणि फक्त आणायला जायचं. काहींच्या बाबतीत सोबत कधीच कमी होणार नाही, तिथे ती कायम ठेवायची. तेवढा वेळ आईला स्वतःचा मिळेल. हे काम प्रशिक्षित विशेष शिक्षकानेच करावं असं नाही. किंबहुना गावाला जो ओळखतो त्याने केलं तर जास्त चांगलं, आणि माझ्यासारखीने त्याला महिन्यातून एकदा भेटून काय अडतंय ते बघावं.

आणि विशेष शाळांनी, कर्मशाळांनी आपल्या प्रगतिपुस्तकात तीन ओळी वाढवाव्यात. घर आणि शाळा सोडून या व्यक्तीला नावाने ओळखणारी माणसं किती? तिच्याकडे गावातलं, वॉर्डातलं कुठलं काम आहे? ती आली नाही तर कोण विचारतं? या ओळी कोऱ्या राहिल्या तर ते विद्यार्थ्याचं अपयश म्हणून नोंदवायचं नाही, संस्थेचं म्हणून नोंदवायचं, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी तीच पानं उघडायची.

पालकांनी सोबत्याच्या मानधनाचा विषय येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडावा. अर्ज साध्या कागदावर चालतो. 5 टक्के निधीचा उल्लेख करा, काम आणि वेळ लिहा, दोन प्रती काढा. ग्रामपंचायतीत जाताना ज्याच्यासाठी तो अर्ज आहे त्याला बरोबर न्या, कागद त्याच्याच हातात द्या, तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर त्यालाच ठेवू द्या आणि शिक्का मारलेली पोच मिळेपर्यंत त्याच्याबरोबर तिथे थांबा.